नुसत्या पाण्यावर तीन दिवस

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी माझ्याविषयी चांगलं मत करून घेणार नाही. मी एकदा एक्क्याण्णव तास काही न खाता राहिलो आहे. पाणी, चिमूटभर मीठ आणि सकाळची बिनसाखरेची काळी कॉफी. त्या एक्क्याण्णव तासांचा मला भयंकर अभिमान होता, आणि तो नेमका कितव्या मिनिटाला संपला तेही मला ठाऊक आहे.

हे खूळ ऑफिसातून आलं. बाबा गेल्यानंतरच्या वर्षात मी फार चिडका झालो होतो. सिग्नलला रिक्षावाल्यावर, मीटिंगमध्ये नव्या पोरांवर, घरी बायकोवर आणि मुलीवर मी ओरडायचो, आणि ओरडून झालं की स्वतःचीच शिसारी यायची. आमच्या टीममधल्या एका वरिष्ठाने मला बाजूला घेऊन सांगितलं, जेवण सोडून बघ, डोकं ताब्यात येतं. त्याचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. वीस-पंचवीस माणसं, सगळी चांगल्या पगाराची, आणि सगळी आळीपाळीने उपाशी. कुणी छत्तीस तास झाले की आकडा टाकायचं, बाकीचे दंडाच्या बेडकुळीचं चित्र पाठवायचे. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू, फारच आवडलं. पहिल्यांदा चोवीस तास काढले तेव्हा वाटलं, या जगात निदान एक गोष्ट माझं ऐकते, ती म्हणजे माझं पोट. मग छत्तीस, मग बहात्तर. आरडाओरडा कमी झाला हे खरं. त्याच्या जागी एक थंड तुच्छता आली. कँटीनमध्ये डोसा खाणाऱ्या माणसाकडे मी असा बघायचो की जणू तो रस्त्यावर लोळतोय.

आई तेव्हा आमच्याकडे होती. बनशंकरीतल्या आमच्या भाड्याच्या घरात, वरच्या मजल्यावर. बाबांच्या दिवसकार्यानंतर ‘महिनाभर चल’ म्हणून मी तिला मिरजेहून आणली, आणि त्या महिन्याचं दीड वर्ष झालं. मिरजेला तिचा दोन खोल्यांचा ब्लॉक आहे. दुसरा मजला, लिफ्ट नाही, समोर दत्ताचं देऊळ, खाली दळणाची गिरणी. तिला तिथे परत जायचं होतं. एकटीने राहायचं होतं. हे ती दर आठ-पंधरा दिवसांनी, भाजी निवडताना वगैरे, सहज म्हणून बोलायची आणि मी ते ऐकून न ऐकल्यासारखं करायचो. इथे तिला कन्नड येत नव्हतं. दुकानात साबुदाणा मागायचा तर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाईंना सोबत न्यावं लागे. या बाईंना सगळी गल्ली अक्का म्हणते. त्यांचं घराणं मराठीच, पण कित्येक पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात अर्धं कन्नड. आई म्हणायची, “त्या बाई फार चांगल्या आहेत, पण मला स्वतःचं कुलूप स्वतः उघडायचंय रे.”

मी नको म्हणायचो, त्याला माझ्याकडे कारण होतं. तिला साखर होती, जोडीला बीपी. गोळ्या वेळच्या वेळी घेई, पण खाण्याच्या बाबतीत तिचं चुकायचं, असं माझं ठाम मत होतं. ती सोमवार करायची, संकष्टी करायची, एकादशी करायची. आणि आपल्याकडचा उपास म्हणजे काय असतो ते सांगायला नको. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी, वर राजगिऱ्याचा लाडू. काय चालतं आणि काय चालत नाही याची तिच्या डोक्यात एक पक्की यादी होती. रताळं चालतं, वांगं चालत नाही. जिरं चालतं, मोहरी चालत नाही. औषध चालतं. लहानपणी मी ही यादी तिच्याकडून तोंडपाठ करून घेतली होती. आता मात्र बहात्तर तासवाला झाल्यावर मला त्या यादीचं हसू यायचं, आणि ते मी लपवायचो नाही.

त्या आठवड्यात बायको मुलीला घेऊन नाशिकला गेली होती, तिच्या भावाकडे बारसं होतं. शुक्रवारी रात्री परत येणार होती. मला वाटलं, हीच संधी. पाच दिवस करायचे. ग्रुपमध्ये तोपर्यंत दोघांनीच पाच दिवस केले होते. रविवारी रात्री आठ वाजता मी शेवटचा घास खाल्ला, ग्रुपवर घड्याळाचा फोटो टाकला आणि आईला सांगितलं, “हे बघ, मी शुक्रवारी जेवणार. तू तुझ्यापुरतं कर. फक्त फोडणी देऊ नकोस, वास आला की त्रास होतो मला.” ती बरं म्हणाली.

सोमवारी दुपारी मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो तर ती ताटलीत खिचडी घेऊन बसली होती. तिचा सोमवार. जिऱ्याची फोडणी तिने गॅलरीचं दार उघडं ठेवून, मी कॉलवर असताना दिली होती, मला वास येऊ नये म्हणून. तो आलाच होता. माझा अठराएक तासांचा रिकामा जीव नुसता पेटला. तेवढ्यात ती म्हणाली, “पुढच्या महिन्यात मला मिरजेला सोडून ये. दीड वर्ष झालं. ब्लॉकला वाळवी लागेल.”

मी म्हणालो, “आई, साखर असलेल्या माणसाने हे असलं खायचं आणि वर त्याला उपास म्हणायचं. तुला साधा जिभेवर ताबा ठेवता येत नाही, आणि म्हणे एकटी राहणार!”

“माझा चाळीस वर्षांचा सोमवार आहे,” ती म्हणाली.

“चाळीस वर्षांची खिचडी आहे. तीन दिवस नुसत्या पाण्यावर राहून दाखव. दाखवलंस तर मी स्वतः तुला गाडीत बसवून मिरजेला घेऊन जातो. शब्द देतो.”

तिने उठून उरलेली खिचडी झाकून ठेवली आणि म्हणाली, “बरं.”

हे मी रागात बोललो होतो. तिने रागात ऐकलं नाही. माझ्या घरात दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी तिला जाण्याची वाट दाखवली होती, ती तिने धरली. मला मात्र त्या ‘बरं’चा अर्थ इतकाच वाटला की बाईसाहेब रुसल्या.

मंगळवारी सकाळी आठ वाजता तिने चहा-पोळी खाल्ली. नंतर कळलं की कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात तिने पेन्सिलने आठ असा आकडा घातला होता. मी माझ्या खोलीत दार लावून काम करत होतो. दुपारी माझं डोकं ठणकत होतं, दुसऱ्या दिवशी ते ठणकतंच, आणि कानाला हेडफोन होता. ती दारात येऊन उभी राहिली.

“अरे, तुझ्या या उपासाला गोळी चालते का?”

मला वाटलं माझ्या डोकेदुखीसाठी विचारतेय. मघाशीच मी कपाळ दाबत बाहेर गेलो होतो. हेडफोन जरा बाजूला करून मी म्हणालो, “चालते, चालते. मला नकोय पण.” आणि हेडफोन परत लावला.

ती गेली. तिच्या यादीत औषध चालतच होतं, पण उपास माझा होता, नियम माझे होते, म्हणून ती माझी परवानगी काढायला आली होती. साखरेची गोळी ती दोन वेळा, जेवणाआधी घ्यायची. मंगळवारी संध्याकाळी घेतली. बुधवारी सकाळी घेतली, बुधवारी संध्याकाळी घेतली, गुरुवारी सकाळीही घेतली. जेवण मात्र नव्हतंच. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं की काहीही झालं तरी गोळी चुकवायची नाही, आणि माझ्या आईने आयुष्यात वडीलधाऱ्या माणसाचा किंवा डॉक्टरचा शब्द मोडलेला नाही.

आता कुणीही विचारेल, एका घरात दोनच माणसं, आणि एक जेवत नाही हे दुसऱ्याला कळलं कसं नाही? मलाही पहिले काही महिने हाच प्रश्न पडायचा. उत्तर सोपं आहे, आणि लाजिरवाणं. मी फोडणी देऊ नको म्हणालो होतो. स्वयंपाकघर गप्प होतं, ते मला तिचं शहाणपण वाटलं. म्हटलं, खात असेल दहीपोहे. बुधवारी ती दिवसभर लोळत होती, मी म्हटलं, फुगली आहे. संध्याकाळी बाटलीत पाणी भरताना तिचा हात थरथरताना मी पाहिला. चक्क पाहिला. आणि माझ्या मनात आलं काय, तर सत्तर तास होत आले, माझे हात बघा कसे स्थिर आहेत. ते ग्रुपवर लिहिलंही मी, इंग्रजीतून, आणि बेडकुळ्यांचा पाऊस पडला.

गुरुवारी दुपारी तीनच्या सुमाराला मी कॉलवर असताना बाहेर स्टीलचं पातेलं पडल्याचा आवाज झाला. पाठोपाठ काहीतरी जड पडलं. मी बाहेर आलो. आई स्वयंपाकघर आणि मोरीच्या मधल्या जागेत एका कुशीवर पडली होती. घामाने भिजली होती, ब्लाऊज पाठीला चिकटला होता. डोळे उघडे होते पण मला ओळखत नव्हते. तोंडाने काहीतरी पुटपुटत होती, मला वाटतं ती बाबांशी बोलत होती.

मी तिच्या काखेत हात घातले आणि उचलली. माझी आई पन्नास किलोचीही नाही. गुडघ्याच्या उंचीपर्यंत आणली, आणि माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. एक्क्याण्णव तास झाले होते. हातातला जोर गेला तो इतका सरळ गेला की मला पकड सैल झाल्याचंही कळलं नाही. ती दुसऱ्यांदा पडली. पहिल्यांदा पडली तेव्हा ती ओरडली नव्हती. या वेळी ओरडली.

हाड मोडलं ते पहिल्यांदा की दुसऱ्यांदा, हे मला माहीत नाही. डॉक्टरांना मी एकदाच पडली म्हणून सांगितलं. बायकोलाही तेच सांगितलं. आईला यातलं काय आठवतं ते मी विचारलेलं नाही, आणि विचारणार नाही, कारण मी भित्रा आहे.

मी तिच्या शेजारी फरशीवर बसलो. उठायला गेलो तर पाय लटपटायला लागले. जिद्द, चिकाटी, मनावर ताबा, कसल्या कसल्या शब्दांनी मी ते उपाशी दिवस भरले होते, आणि आता खालच्या मजल्यावर हाक पोचेल एवढाही दम माझ्या छातीत नव्हता. सरपटत गॅलरीपर्यंत गेलो आणि गजांना धरून ओरडलो. अक्का धापा टाकत वर आल्या. साठी उलटलेली बाई, गुडघे दुखतात म्हणून एरवी जिना चढत नाहीत.

त्यांनी आईच्या गळ्याला हात लावला, घाम बघितला. त्यांच्या यजमानांना साखर होती, त्यामुळे त्यांना एका नजरेत कळलं.

“काय खाल्ली ही?”

त्यांनी मान वळवून ओटा पाहिला. शेगडी पुसलेली, कोरडी. सिंकमध्ये एक खरकटं भांडं नाही. झाकलेली खिचडी तशीच, बुरशी आलेली.

“अय्यो, घरात दोन दोन माणसं, आणि चूल थंड? तू कशाला आहेस रे इथे? साखर आण. बेगा, बेगा!”

मी साखरेचा डबा आणला. हात इतके थरथरत होते की निम्मी साखर फरशीवर सांडली. अक्कांनी बोटाने आईच्या गालाच्या आत, हिरड्यांना साखर चोळली. “सरी, सरी, आई, स्वल्प गिळा,” असं म्हणत राहिल्या, लहान मुलाला भरवावं तसं. हळूहळू आईची नजर ठिकाणावर आली. मी तिला बसवायला पुढे झालो तर अक्कांनी माझा हात झटकला. “पाय बघ तिचा. हात लावू नको. गाडी बोलाव.” आईचं उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं. अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत अक्का तिचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. मी साखर गोळा करत होतो, कारण दुसरं काही सुचत नव्हतं.

हॉस्पिटलात खुब्याचं हाड मोडल्याचं निघालं. आपत्कालीन विभागातला डॉक्टर तरुण होता, हिंदीत बोलत होता, रागावला होता. दोन दिवस जेवण नाही आणि साखरेची गोळी चालू? ही गोळी उपाशीपोटी घ्यायला सांगितलं कुणी? हा प्रश्न त्याने आईला विचारला, आणि तेव्हा, त्या खाटेपाशी, मला मंगळवारची दुपार आठवली. दारातली ती. हेडफोन. चालते, चालते.

आईने माझ्याकडे पाहिलं. अगदी शुद्धीत होती आता.

“किसी ने नहीं,” ती तिच्या मिरजेच्या हिंदीत म्हणाली. “मैंने ही लिया.”

बोलता आलं असतं. तोंड उघडून ‘मी सांगितलं’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते. जवळजवळ चार दिवस अन्नाला नाही म्हणणारा मी, तेवढ्या दोन शब्दांना हो म्हणू शकलो नाही. डॉक्टरने मान हलवली आणि अशिक्षित म्हातारीशी बोलावं तसं तिच्याशी बोलू लागला. ती मॅट्रिक आहे, पण तिने तेही ऐकून घेतलं.

कँटीनमध्ये मी इडली खाल्ली. चार खाल्ल्या, मग आणखी दोन. खाताना रडत होतो, आणि सांबार चांगलं आहे असंही वाटत होतं. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, काय झालं, अपडेट नाही? मी लिहिलं, एक्क्याण्णववर मोडला, घरी अडचण आली. लगेच हात जोडलेली चित्रं आली, आणि त्या वरिष्ठाने लिहिलं, तरीही तुझा आजवरचा सर्वांत मोठा आकडा आहे, अभिमान बाळग. मी ग्रुप सोडला. त्यात काही मोठेपणा नाही, फोनची बॅटरीही संपत आली होती.

ऑपरेशन शनिवारी झालं. बायको आली, तिने रजा टाकली, ती आईचं सगळं करू लागली. तिला मी अट सांगितली नव्हती. आईनेही सांगितली नाही. बायकोला वाटलं, मुलगा उपाशी म्हणून आईच्या घशाखाली घास उतरला नसेल. ती मला म्हणालीसुद्धा, बघ, आईचं मन. मी हो म्हणालो. किती सहज हो म्हणालो.

पाचव्या दिवशी हाडांचे मोठे डॉक्टर येऊन गेले. काठी लागेल, जिने शक्यतो नकोत, एकटं राहणं तर नकोच, आणि उपास आता कायमचे बंद, असं सांगून गेले. आईने सगळं मान हलवून ऐकलं. बायको औषधं आणायला खाली गेली. खोलीत आम्ही दोघंच उरलो. दुपारचं जेवण नुकतंच आलं होतं, रागीमुद्दा म्हणजे नाचणीचा उकडलेला गोळा आणि पातळ आमटी, आणि ते खायचं कसं हे आईला कळत नव्हतं. मी त्या गोळ्याचे तुकडे करत होतो.

“दोन दिवस आणि सात तास झाले होते,” ती म्हणाली.

मी वर पाहिलं.

“मंगळवारी सकाळी आठला सुरू केलं. गुरुवारी तीनला पडले. पाण्याशिवाय काही घेतलं नाही. जिऱ्याचा दाणासुद्धा नाही. सतरा तास कमी पडले. धरतोस का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, टोमण्याला मला उत्तर देता येतं. ती खरंच विचारत होती, कपाळाला घाम नाही, डोळ्यांत पाणी नाही, उत्तराची वाट बघत.

“धरलं, आई,” मी म्हणालो. “धरलं. तू जिंकलीस.”

“मग मिरजेला ने.”

“अगं, कसं नेऊ? आत्ता ऐकलंस ना. एकटं राहायचं नाही म्हणून डॉक्टरांनी सांगितलंय.”

“अट डॉक्टरांनी घातली नव्हती,” ती म्हणाली. “तू घातली होतीस.”

मी तुकडा आमटीत बुडवून तिच्या तोंडापाशी नेला. तिने तो खाल्ला. दुसराही खाल्ला. पूर्ण ताट संपवलं, माझ्याकडे न बघता, आणि पाणी मागितलं.

याला आता दोन वर्षं झाली. ती अजून आमच्याकडेच आहे.